रडायला परवाना लागत नाही

मासळीबाजार आवरला, फरशीवरचं पाणी झाडून झालं, की आंगथो आपली दोन चाकांची गाडी ओढत स्टेशनासमोरच्या चौकात यायची. गाडीवर एक जुना स्पीकर, त्याची बॅटरी, घडीचं स्टूल आणि बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. वडाखाली सावली धरून ती स्टूल मांडायची, दोन्ही हातांनी गुडघे धरून हळूहळू टेकायची आणि अंगातला फुलाफुलांचा सदरा सारखा करून माइक तोंडाशी न्यायची. सदरा नेहमी भडक असायचा. लाल, नारिंगी, कधी पोपटी. पांढरा म्हणून कधी नाही.

"आज उशीर केलास गं," समोरची सोयाच्या दुधाचा खरवस विकणारी बाई हाक द्यायची.

"मला काय विचारतेस? गुडघ्यांना विचार. सकाळपासून रुसून बसलेत."

मग ती गायची. आमच्या तैवानी बोलीतली जुनी गाणी, बंदरातून सुटलेल्या बोटींची, परत न आलेल्या खलाशांची, आणि लोक पेंगायला लागले की एखादं चावट गाणंही. बाजारातून पिशव्या घेऊन निघालेल्या बाया थांबायच्या, म्हातारे ठेका धरायचे, कुणी जाता जाता डब्यात नाणं टाकायचं. ती मान झुकवून म्हणायची, "सुखी राहा."

यात कुणाचं काय वाईट होत होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण आमच्या शहराला ते कळलं होतं.

आंगथो पूर्वी काय करायची, ते आधी सांगितलं पाहिजे. आमच्याकडे घरात कुणी गेलं की सासरी दिलेल्या लेकीनं गल्लीच्या तोंडापासून शवपेटीपर्यंत गुडघ्यांवर रांगत, हंबरडा फोडत यायचं, अशी रीत आहे. ती जुनी रीत, तिच्याबद्दल मला बोलायचं नाही. पण लेकींचे गुडघे आता नाजूक झाले. त्यांना ताइपेईला परतायची घाई असते, डोळ्यांचा रंग पसरतो, चारचौघांत रडायची लाज वाटते. म्हणून भाड्याची लेक आणायची. गोणपाटाचा पांढरा घोळदार अंगरखा घालून, हनुवटीपर्यंत टोपी ओढून, हातात माइक घेऊन ती गल्लीभर रांगत जाते आणि ज्या माणसाचं तोंडही तिनं कधी पाहिलेलं नाही त्याच्यासाठी ऊर बडवते. खऱ्या लेकी खुर्च्यांवर बसून रुमाल नाकाशी धरतात. रडणं चांगलं झालं की आलेगेले म्हणतात, "काय माया हो या घरात!"

आंगथो अशी भाड्याची लेक होती. ऐन तारुण्यात नवरा बोटीवरून गेला तो गेलाच, कडेवर मुलगी. आवाज होता, दुसरं काही नव्हतं. गाव तिच्या रडण्यावर फिदा होतं. चौकातल्या सोन्याच्या पेढीचे मालक श्याउशेठ, त्यांची आई वारली तेव्हा आंगथो अशी रडली की बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. मयताचं सगळं कंत्राट घेणारा थियेन, त्यानं ते रडणं टेप करून ठेवलं, नव्या गिऱ्हाइकांना वानगी म्हणून ऐकवायला.

आणि रडून झालं की? शी! तेच लोक तिला दाराबाहेरून वाट दाखवायचे. पैशांच्या पाकिटाला लाल दोरा गुंडाळून, बोटाला बोट लागणार नाही असं टोकाला धरून द्यायचे. ती बसली असेल तिथे पपनसाची पानं घातलेलं पाणी शिंपडायचे. मयताच्या घरून निघताना 'येते' म्हणायचं नाही, 'पुन्हा भेटू' म्हणायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, हा आमच्याकडचा कडक दंडक आहे. इतरांना तो कधीमधी पाळावा लागतो. आंगथोला तो रोज पाळावा लागायचा. बारशाला तिला बोलावणं नाही, लग्नाला नाही, नव्या दुकानाच्या पूजेला नाही. बाजारात कुणी ओळख दाखवायचं नाही. तिला घरी रडायला बोलावलं होतं, हे कुणाला सांगायचं असतं का?

शेवटी गुडघ्यांनीच हात टेकले. डॉक्टर म्हणाले, आता रांगलात तर पुढे चालणं विसरा. तेव्हा तिनं पांढरा अंगरखा थियेनच्या हवाली केला आणि बाजारातून तीन भडक सदरे आणले.

तिची मुलगी श्यूहुई दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलाशी बसते. शाळेत असताना 'तुझी आई काय करते' या प्रश्नाला तिनं कधी 'शिवणकाम', कधी 'गाणं शिकवते' अशी उत्तरं दिली होती. वेनश्यांग नावाचा एक भला मुलगा अक्कलदाढ काढायला आला आणि दाढ निघाल्यावरही येत राहिला. लग्न ठरलं. वेनश्यांगच्या घरची नूडल्सची खानावळ आहे आणि खानावळ त्याच्या आईच्या मुठीत आहे. ती एक दिवस फळांची टोपली घेऊन आंगथोच्या घरी आली. आंगथोनं चहा केला. पेला तिच्यासमोर ठेवला तो तसाच निवत राहिला.

"विहीणबाई, राग मानू नका," ती म्हणाली, "मी स्वतः असलं काही मानत नाही हं. पण आमचे पाहुणे जुन्या वळणाचे. मुख्य टेबलाशी तुम्ही दिसलात तर निम्मे लोक सूपसुद्धा पिणार नाहीत."

"मी आता गाते. रडायचं सोडलं मी," आंगथो म्हणाली.

"हो, पण कुठे गाता? रस्त्यावर, डबा पुढे ठेवून. लोक त्याला काय म्हणतात, मी कशाला तोंडानं बोलू?" तिनं गळ्यातला रुमाल सारखा केला. "आता सरकारचा नवा नियम आलाय. परीक्षा घेतात आणि कलाकार म्हणून ओळखपत्र देतात. ते गळ्यात असलं तर मला चार लोकांना सांगता येईल, की बाई सरकारमान्य कलाकार आहेत. मग बसा की टेबलाशी, मीच तुमची खुर्ची ओढीन. नाही मिळालं, तर मात्र त्या दिवशी तब्येत बरी नाही म्हणा. आणि केकचे डबे आमच्याकडून येतील ते मुलीनं वाटावेत. तुम्ही हात नका लावू."

आमच्याकडे लग्न ठरलं की मुलाकडून केकचे डबे येतात आणि मुलीची आई ते आप्तेष्टांना वाटते. त्या एका दिवसाची वाट आया मुलगी पाळण्यात असल्यापासून बघतात.

श्यूहुई खाली मान घालून बसली होती. पाहुणी गेल्यावर ती म्हणाली, "आई, परीक्षाच आहे ना. दे की. तुझ्यासारखं कोण गातंय इथे?"

"म्हणजे कार्ड नाही मिळालं तर मी तुझ्या लग्नाला यायचं नाही?"

"मिळेल गं," श्यूहुई म्हणाली. प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नाही, आणि आंगथोनंही पुन्हा विचारलं नाही.

नियम खराच आला होता. चौकात, बागेत, घाटावर कुणी गाऊन, वाजवून, चित्रं काढून लोकांनी खुशीनं दिलेलं घेणार असेल तर त्यानं आधी परीक्षा द्यायची, पास व्हायचं, ओळखपत्र गळ्यात घालायचं. नसेल तर पोलीस उठवणार, दंड करणार. दारूच्या दुकानांतले, कानांचे पडदे फाटेस्तोवर वाजणारे स्पीकर चालतात, निवडणुकीच्या गाड्या कानठळ्या बसवतात तेही चालतं. पण म्हातारा फुग्यांची हरणं करत असेल तर त्याची आधी परीक्षा! का, तर शहराची शोभा.

परीक्षेला शहरातल्या एका मोठ्या सभागृहात सगळे जमले होते. अंगाला सोनेरी रंग फासून पुतळ्यासारखा उभा राहणारा एकजण घामानं ओघळत होता. बासरीवाला एक आंधळा म्हातारा भिंत चाचपत बसला होता. मंचासमोर तीन परीक्षक होते. एक संगीताचे प्राध्यापक, एक अधिकारी आणि व्यापाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणून श्याउशेठ. सोनं विकणाऱ्याला गाण्यातलं काय कळतं, असं विचारू नका. त्यांच्या पेढीसमोरच चौक आहे, म्हणून चौकात काय सुंदर दिसावं हे ठरवायला ते तिथे होते.

अधिकाऱ्यानं बासरीवाल्याला विचारलं, "आजोबा, लोक तुमची कला बघून पैसे देतात, की डोळे बघून?"

"ते मला दिसत नाही ना साहेब," म्हातारा म्हणाला.

सभागृहात हसू पसरलं. अधिकारीही हसला आणि त्यानं कागदावर काहीतरी खरडलं. माणसाला असा प्रश्न विचारताना जीभ झडत कशी नाही?

आंगथोची पाळी आली. नारिंगी सदरा, ओठांना लाली, केसांत पिन. ती बोटीचं गाणं गायली. वीस वर्षं रडून कमावलेला तो आवाज, त्यात ओल होती आणि धारही होती. प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं. श्याउशेठसुद्धा बोटांनी टेबलावर ताल धरून होते. पांढऱ्या टोपीखालचं तोंड त्यांनी कधी बघितलंच नव्हतं, मग ओळखणार कसं? गाणं संपलं.

"छान. फारच छान," प्राध्यापक म्हणाले. "या हं. पुन्हा भेटू."

आणि तिथे घात झाला. मोठ्या सभागृहात, सुटातल्या माणसांपुढे, माइक बंद केल्यावर आंगथोच्या अंगात जुनी सवय उतरली. पुढे बसलेले गंभीर लोक, आपलं काम संपलेलं. तिनं एकदा खाली वाकून नमस्कार केला. 'येते' म्हणाली नाही. 'भेटू' म्हणाली नाही. प्राध्यापकांच्या बोलण्याला उत्तर दिलं नाही. वळली, आणि पाठीमागे एकदाही न बघता सरळ दाराबाहेर गेली.

आमच्या मातीत वाढलेल्या माणसाला त्या जाण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. श्याउशेठचा हात टेबलावर होता तिथेच थांबला. चेहरा चुन्यासारखा झाला. ते तसं जाणं त्यांनी पाहिलं होतं, आपल्याच दारात.

"कोण... कोण आहे ही बाई?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता शिपायाला ओरडले, "मीठ आण! अरे बघतोस काय, शिंपडायला मीठ आण कुठून तरी!"

"शेठ, गाणं उत्तम होतं," प्राध्यापक चाचरत म्हणाले.

"गाणं घाला चुलीत! ही मयताची बाई आहे. माझ्या पेढीसमोर लग्नाचं सोनं घ्यायला लोक येतात, तिथे हिला बसवू? तुम्ही बसवा तुमच्या कॉलेजात."

प्राध्यापकांनी पेन उचललं. त्यांनी भांडायला हवं होतं. भांडले नाहीत. शिकलेल्या माणसाची ही गप्प बसायची कला, तिला मात्र कसलीच परीक्षा नसते.

निकाल लागला. आंगथोच्या नावापुढे शेरा होता: 'सादरीकरणात सार्वजनिक आनंदाचा अभाव.' सोनेरी पुतळा पास झाला होता. तो हलत नव्हता, बोलत नव्हता, पण त्याच्यात सार्वजनिक आनंद होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी हवालदार छाई चौकात आला. तो बिचारा वाईट नव्हता. "मावशी, मला वरून सांगितलंय. कार्ड नाही तर बसता येणार नाही. उठा बरं, माझ्यावर वेळ आणू नका."

आंगथो उठली. पुढचे दिवस ती घरीच राहिली. शेंगा सोल, भांडी घास, पुन्हा तीच भांडी घास. श्यूहुई कामावरून आली की दोघी जेवायच्या आणि लग्नाचं सोडून सगळं बोलायच्या. हॉलची जागा ठरली, कपडे ठरले, पाहुण्यांची टेबलं ठरली. मुख्य टेबलाशी कोण बसणार, हे दोघींपैकी कुणीही ओठांवर आणलं नाही.

तेवढ्यात श्याउशेठचे वडील वारले. भरल्या वयात गेलेला म्हातारा, पेढीचा मूळ पुरुष. मोठा सोहळाच करायचा होता. पेढीच्या गल्लीत रस्त्याच्या मधोमध मांडव पडला, वाहतूक वळवली, पहाटेपासून मंत्रांचे स्पीकर सुरू झाले. कुणी परवाना विचारला नाही. उलट दोन पोलीस बंदोबस्ताला आले.

आणि थियेन आंगथोच्या दारात उभा राहिला. हातात तोच जुना पांढरा अंगरखा, घडी करून.

"ताई, आत येऊ?"

"ये की. तुला कोण अडवणार? तू आणि मी एकाच पंगतीतले." तिनं अंगरख्याकडे बघितलं. "तो मात्र बाहेर ठेव."

थियेननं तो बाहेर पायरीवर ठेवला आणि बसला. "शेठनं पाठवलंय. म्हणाले, रडेल तर तीच. दुसरी कुणी नको. आईच्या वेळी रडली होती तशीच रडायला सांग."

"माझे गुडघे गेलेत, तुला ठाऊक आहे."

"गाद्या अंथरू म्हणाले. गल्लीभर गाद्या अंथरू." थियेन खाली बघत बोलत होता. "आणि ताई, तुझं ते कार्ड... उत्तरकार्य झालं की घरपोच आणून देतो म्हणाले. फेरतपासणी करता येते म्हणे."

आत श्यूहुई कपड्यांना इस्त्री करत होती. इस्त्री थांबली.

आंगथो हसली. त्या हसण्यात एवढी शिसारी होती, की थियेननं मान आणखी खाली घातली. "म्हणजे माझ्या आवाजात काही खोट नाही म्हणायची."

"खोट कसली? असा आवाज..."

"ऐक ना. त्यांच्या दारात मी रस्त्यावरच बसणार. माइक घेऊनच ओरडणार. लोकांसमोरच, आणि पैसेही घेणार. त्याला परवाना लागतो का रे?"

"नाही."

"आणि चौकात तेच तोंड बोटीचं गाणं गायलं तर लागतो."

थियेननं रुमाल काढून मान पुसली.

"बरं, रडले मी. कार्ड आलं. गळ्यात घालून लेकीच्या लग्नाला गेले. मग विहीणबाई काय म्हणतील? काल मयतात रांगत होती, आज टेबलाशी आली. कार्ड मिळालं तरी माझी खुर्ची गेलीच ना? शेठला हे कळत नाही असं वाटतं तुला? कळतं सगळं. त्यांच्या लेखी माझी खुर्ची कुठे असतेच मुळी?" ती हातांनी गुडघे दाबत उठली. "जा, सांग त्यांना. बाप तुमचा आहे, तुम्ही रडा. त्याला कसली परीक्षा लागत नाही, कुणालाही येतं."

"ताई, अंत्ययात्रांना मुहूर्त चांगला आहे, म्हणून त्या दिवशी गावात बाकीच्या सगळ्या रडणाऱ्या बांधलेल्या आहेत. मी कुणाला आणू?"

"खऱ्या लेकी आहेत की त्यांच्या घरात. ताइपेईहून आल्यात ना गाड्या घेऊन?"

थियेन निघाला. दारात थबकला, अंगरखा उचलला आणि म्हणाला, "येतो ताई. पुन्हा भेटू."

इतक्या वर्षांत हे तिला तो पहिल्यांदा म्हणाला. आंगथो म्हणाली, "ये."

तो गेल्यावर श्यूहुई बाहेर आली. इस्त्री तशीच तापत ठेवून आली होती. "आई, तुला खुर्ची नाही, हे तू धरूनच चालली होतीस?"

"नाहीतर काय करायचं होतं?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं, बाळ."

श्यूहुईनं तोंड फिरवलं. मग चपला घातल्या आणि न सांगता बाहेर पडली. आंगथोनं आत जाऊन इस्त्रीचं बटण बंद केलं.

अंत्ययात्रेच्या दिवशी आंगथोनं लाल सदरा घातला, गाडी घेतली आणि चौकात जाऊन वडाखाली बसली. खरवसवाली धावत आली. "अगं वेडी आहेस का? आज? श्याउशेठचा म्हातारा इथूनच जाणारे, पेढीचं शेवटचं दर्शन घ्यायला. तुला उचलून नेतील."

"उचलूदेत. मला तरी कुठे नीट चालता येतंय?"

तिनं माइक उचलला आणि बोटीचं गाणं सुरू केलं. हवालदार छाई चौकाच्या कडेला वाहतूक अडवत होता. त्यानं शिट्टी तोंडातून काढली, कपाळाला हात लावला आणि तिच्याकडे यायला निघाला.

तेवढ्यात यात्रा आली. पुढे पिवळ्या शेवंतीनं मढवलेला ट्रक, मागे बँड, मागे शवपेटीची गाडी, तिच्यामागे गोणपाटाच्या टोप्या घातलेलं घर. श्याउशेठ हातात शोकाची काठी घेऊन वाकून चालत होते. खऱ्या लेकी काळे चष्मे लावून मागे होत्या. त्यांच्यापैकी एकीनंही गुडघा टेकला नव्हता. आणि ट्रकवरच्या मोठ्या भोंग्यातून रडणं चालू होतं, काळीज चिरणारं.

आंगथोच्या हातातला माइक खाली आला. तो तिचाच आवाज होता. थियेनजवळची वानगीची टेप.

"आई गं, तुझी लेक आली! डोळे उघड गं आई, तुझी लेक आली!"

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग खरवसवालीच म्हणाली, "मेलाय बाप ना? मग आई काय म्हणतायत?" शेजारचा म्हातारा खोकल्यासारखं हसला. मग मासळीवाल्या बायांना हसू फुटलं. बापाच्या पेटीपुढे भोंगा आईच्या नावानं टाहो फोडत होता आणि सहा वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला डोळे उघडायला सांगत होता. श्याउशेठनी काठी उंचावून ट्रकवाल्याला खूण केली, बंद कर, बंद कर. त्याला वाटलं, मोठं कर. त्यानं आवाज वाढवला.

किळस कशाची यावी? चुकीच्या टेपची नव्हे. त्या लेकी तशाच चालत राहिल्या, याची. आपल्या बापाला 'आई' म्हणून हाका मारल्या जातायत, हे चष्म्याआड त्यांच्या कानावरच पडलं नव्हतं.

छाई आंगथोपाशी पोहोचला. "मावशी, पाया पडतो, उठा. कार्ड नाही तुमच्याकडे. मला पावती फाडावी लागेल."

"फाड की," आंगथो म्हणाली, आणि भोंग्याकडे बोट केलं. "पण तो आवाज माझाच आहे. मी भर चौकात, बिनपरवान्याची. त्याची पावती कुणाच्या नावानं फाडणार?"

छाईनं ट्रककडे बघितलं, मग तिच्याकडे. भोंगा पुन्हा ओरडला, "आई गं, तुझी लेक आली!"

आणि गर्दी बाजूला सारत श्यूहुई आली. मागे वेनश्यांग, दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत रचलेले केकचे लाल डबे. त्याचं नाक घामानं भिजलेलं.

"आई," श्यूहुई म्हणाली, "मी आले." तिनं वरचा डबा घेऊन आंगथोच्या मांडीवर ठेवला. "मी त्या दिवशी तडक त्यांच्या खानावळीत जाऊन सांगून आले. डबे तुझ्या हातून वाटले जातील आणि मुख्य टेबलाशी तू बसशील. नाहीतर त्यांनी डबे ठेवून घ्यावेत आणि मलाही विसरावं."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"आई अजून बोलत नाहीये माझ्याशी," वेनश्यांग म्हणाला. "डबे मीच उचलून आणले. मावशी, पहिला मला द्या ना, हात दुखायला लागलेत."

आंगथोनं त्याला डबा दिला. त्यानं तिथेच उघडला, केक तोडला आणि उभ्या उभ्या तोंडात कोंबला. मग एक डबा खरवसवालीनं घेतला. मासळीवाल्या दोघी आल्या, हात एप्रनला पुसून डबे घेऊन गेल्या. बाकीची गर्दी मात्र पांगू लागली. कुणाला गाडी पकडायची होती, कुणाला मूल शाळेतून आणायचं होतं. गेली कितीक वर्षं जिच्या आवाजानं आपापल्या मेलेल्यांची शोभा वाढवून घेतली, तिच्या हातचा गोड डबा घ्यायची वेळ आली तेव्हा अख्ख्या चौकाला एकदम कामं आठवली. थुत् असल्या गावावर. आणि मी याच गावचा आहे.

छाई तिथेच होता. त्यानं पावती लिहिली. आंगथोनं आपलं नागरिकत्वाचं ओळखपत्र दिलं, ते त्यानं तिच्या हातून घेतलं, निरखून पाहिलं. स्वतःचं पेन तिला दिलं. तिनं सही केली. पेन त्यानं परत घेऊन खिशाला लावलं.

"हे घे बाबा," आंगथोनं डबा पुढे केला. "लेकीच्या लग्नाचा."

छाई एक पाऊल मागे सरला. हात पाठीशी नेला. "मावशी, गैरसमज नको हं. घरी बाळंतीण आहे. आमची आई..."

तो लाजला होता. लाजत लाजतच गेला.

यात्रा वळणावरून नाहीशी झाली. आंगथोनं स्पीकर पुन्हा लावला. श्यूहुई खाली जमिनीवर तिच्या गुडघ्यांशी टेकून बसली, दवाखान्याच्या कपड्यांत, सगळ्या गावाला दिसेल अशी. कार्ड आंगथोकडे नव्हतं, आजही नाही. ती रोज बसते. रोज पावती फाडली जाते, आणि ती घेऊन श्यूहुई रीतसर तक्रार करते, की परवाना कलेचा मागता की जातीचा. निकाल लागायचा आहे.

छाईनं न घेतलेला तो डबा त्या दिवशी उरला. आंगथोनं तो परत गाडीत ठेवला नाही. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकापुढे ती तो धरत होती आणि म्हणत होती, "घ्या ना, गोड आहे." तुम्ही त्या वेळी चौकातून जात असता, तर तुम्हाला कुठली गाडी पकडायची असती?